फोटोतली काजळी : युद्धकाळातल्या अमेरिकेचे सरकारी फोटो

सावली (धागाकर्ती)

मागच्या आठवड्यात एक फोटो मोठा करून घ्यायला लॅबमध्ये गेले होते. घरातला फोटो नव्हे, अमेरिकन सरकारचा. एप्रिल १९४३, आयोवा राज्यातलं क्लिंटन गाव, शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची इंजिनशेड. इंजिनं पुसायचं काम करणाऱ्या बायका दुपारच्या सुट्टीत त्यांच्या खोलीत डबा खात बसल्यात. डोक्याला रुमाल, अंगात डांगऱ्या, आणि तोंडाहाताला काजळी. फोटो रंगीत आहे. नंतर रंगवलेला नव्हे, तेव्हाच रंगीत फिल्मवर काढलेला.

दुसऱ्या दिवशी प्रिंट आणायला गेले तर बायका चकाचक! लॅबमधल्या मुलाने आपणहून सगळ्यांचे चेहरे साफ केले होते. "काकू, फार डाग होते, काढून टाकले. एक्स्ट्रा चार्ज नाही लावला." काय बोलणार? त्याला लग्नाच्या अल्बमची सवय. पण काजळी गेली आणि भिशीला जमलेल्या बायका डबा खातायत एवढंच उरलं.

प्रिंट परत करायला दिलीय. तोवर म्हटलं, गेले चार-पाच महिने रात्री जागून जे बघतेय त्याबद्दल लिहावं.

हे फोटो वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहेत. मूळ काम मंदीतलं. १९३५ साली शेतकऱ्यांच्या पुनर्वसनाच्या सरकारी खात्यात रॉय स्ट्रायकर नावाचा माणूस फोटोविभाग सांभाळायला आला. हा काही फोटोग्राफर नव्हे, अर्थशास्त्राचा मास्तर. त्याने डोरोथिया लँग, वॉकर एव्हान्स, रसेल ली, जॅक डेलानो, गॉर्डन पार्क्स अशी एकेक माणसं देशभर फिरायला पाठवली. खात्याचं नाव पुढे फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं. अमेरिका युद्धात उतरल्यावर १९४२ मध्ये हा विभाग युद्धमाहिती खात्यात गेला आणि दुष्काळी शेतांच्या जागी कारखाने, रेल्वे यार्ड, बसस्टँड, भाड्याच्या खोल्या दिसू लागल्या. सगळे मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास निगेटिव्ह. त्यात रंगीत फक्त सोळाशेच्या घरात.

ते सोळाशे बघताना मी अडकले. कोडाक्रोम फिल्म बाजारात येऊन तेव्हा सातआठ वर्षंच झाली होती. तिचे रंग अंधारात ठेवले तर उतरत नाहीत, म्हणून हे फोटो काल काढल्यासारखे दिसतात. माझ्या आईच्या १९७८ सालच्या लग्नाचे रंगीत फोटो लालभडक होऊन गेलेत आणि या १९४३ च्या बायकांच्या डोक्यावरचे रुमाल अजून ताजे!

जॅक डेलानोने क्लिंटनच्या त्या बायकांचे सुटे फोटोही काढलेत. खालच्या सरकारी ओळीत काय लिहिलंय बघा : मिसेस अमुक, तीन मुलांची आई, शेडमध्ये वायपर. दुसरी, दोन मुलांची आई, वायपर. काम आणि मुलं, बस. नवरा कुठे आहे ते बहुतेकदा लिहिलेलंच नाही. १९४३ साल आहे, तेव्हा वाचणाऱ्याला ते कळतच असणार.

माझा एक नाद आहे, मधल्या माणसाकडे न बघता कडेला बघायचं. भिंतीवरचं कॅलेंडर, टेबलावरची बाटली, खिडकीतला झेंडा. तुम्हीही बघा आणि सापडेल ते इथे टाका.

---

टपालपेटी

वा, मस्त विषय. वाचनखूण साठवलीय. हे फोटो आपण डाउनलोड करून छापले तर चालतं का? हक्कांचं काय?

---

सावली

@टपालपेटी, सरकारी नोकरांनी सरकारी कामात काढलेले फोटो, त्यामुळे हक्काची अडचण नाही. लायब्ररीच्या साईटवर मोठी टिफ फाईल मिळते, फुकट. फक्त लॅबवाल्याला "काहीही साफ करू नकोस" असं कागदावर लिहून द्या.

---

भुसावळकर

ताई, तुमचा धागा वाचून रात्री झोप लागली नाही. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले, नंतर फायरमन, शेवटी ड्रायव्हर. म्हणजे तुमच्या या वायपर बायांचंच काम त्यांनी सुरुवातीला केलं.

लोकांना वाटतं इंजिन पुसणं म्हणजे शोभेचं काम. तसं नाही. तेल, राख, कोळशाची भुकटी यांचा थर चढला की खाली काय चाललंय ते दिसत नाही. रॉडला बारीक तडा गेलाय, नट सैल झालाय, कुठून वाफ गळतेय, हे पुसल्याशिवाय कळत नाही. चांगला क्लीनर पुसता पुसता फिटरला हाक मारायचा. तपासणीची पहिली पायरी म्हणजे ते फडकं.

वडील घरी आले की अंघोळीचं पाणी दोनदा काढावं लागे. तरी नखाच्या कडेची काळी रेघ राहायचीच. ती रिटायर झाल्यावर दोनेक वर्षांनी गेली, आणि आई म्हणाली, आता हे हात कोणाचे आहेत तेच कळत नाही.

त्याच शेडमधला अजून एक फोटो सापडला. एक बाई भल्यामोठ्या इंजिनावर वाफेचा फवारा मारतेय. तो पाईप धरायला जोर लागतो बरं का, सुटला तर भाजलंच. आणि तिच्या डोळ्यावर चष्मा नाही!

अवांतर : अमेरिकेने युद्धात भारतालाही इंजिनं पाठवली. रेवाडीच्या शेडमधलं 'विराट' हे बाल्डविन कंपनीचं त्याच काळातलं इंजिन.

---

खडूस

रसभंग करतो, माफ करा. हे सगळे फोटो सरकारी जाहिरात आहेत हे कोणीच म्हणत नाही. युद्धमाहिती खातं म्हणजे प्रचारखातं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर खुद्द स्ट्रायकरने आपल्या फोटोग्राफरांना लिहून कळवलं होतं, की ज्यांच्या चेहऱ्यावर अमेरिकेवरचा विश्वास दिसतो अशी माणसं हवीत. याच खात्यातल्या आल्फ्रेड पामरचे विमान कारखान्यातले फोटो बघा. लाँग बीचच्या डग्लस कारखान्यातल्या त्या मुली, ओठांना लिपस्टिक, केस नीट, मागे काळोख आणि चेहऱ्यावर सिनेमासारखा उजेड. रोज दहा तास रिव्हेट मारणारी बाई अशी दिसते? काजळीचं कौतुक चाललंय, पण ती काजळीही कोणीतरी निवडलेलीच आहे.

---

सावली

@खडूस, मान्य. पामरचं आणि स्ट्रायकरचं त्यावरून पटतही नव्हतं. स्ट्रायकरला जे आहे ते हवं होतं, पामरला भित्तीपत्रकावर शोभेल ते. (स्ट्रायकर पण काही संत नव्हता. तिशीच्या दशकात न आवडलेल्या निगेटिव्हला तो पंचने भोक पाडायचा. भोकाचं प्रिंटमध्ये काळं वर्तुळ होतं, ते घेऊन बसलेल्या शेतकऱ्यांचे कितीतरी फोटो आहेत.)

पण एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हाच्या कोडाक्रोमचा वेग (उजेड टिपण्याची क्षमता) दहाच्या आसपास, म्हणजे आजच्या साध्या शंभरच्या फिल्मला जेवढा उजेड लागतो त्याच्या दहापट. कारखान्याच्या आत दिवे लावल्याशिवाय काही उमटणारच नाही, आणि दिवे लावले की माणसाला "हलू नका" सांगणं आलंच. क्लिंटनच्या त्या खोलीतही दिवा मारल्याशिवाय चित्र येणं शक्य नव्हतं. थोडा बेतलेपणा फिल्मनेच आणलाय.

आणि बेतलेल्या फोटोतूनही निसटतं ते निसटतंच. गॉर्डन पार्क्सचं घ्या. कृष्णवर्णीय, तिशीच्या आतला, १९४२ मध्ये शिष्यवृत्तीवर या खात्यात आला. पहिल्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये त्याला दुकानात, हॉटेलात, थिएटरात नाकारलं. देशाच्या राजधानीत, लोकशाहीसाठी युद्ध चालू असताना! तो चिडून परत आला तेव्हा स्ट्रायकर म्हणाला, ऑफिसात झाडू मारायला येते त्या बाईशी जाऊन बोल. ती एला वॉटसन. पार्क्सने तिला भिंतीवरच्या अमेरिकन झेंड्यासमोर उभं केलं, एका बाजूला झाडू, दुसऱ्या बाजूला मॉप. शंभर टक्के बेतलेला फोटो. पण त्यानंतर तो तिच्या घरी, तिच्या चर्चमध्ये कितीतरी दिवस जात राहिला. तिच्या एका फोटोच्या ओळीत सरकारनेच लिहून ठेवलंय, की वर्षाला १,०८० डॉलर पगारात ती सहा जणांचं कुटुंब चालवते. प्रचारखात्याच्या फायलीत!

---

खडूस

एला वॉटसनबद्दल माघार. बाकी मुद्दा कायम.

---

गार्डनस्टेट

न्यू जर्सीहून. इथे कोणी म्हातारं गेलं की घरातलं सगळं सामान दारात मांडून विकतात. तशाच एका घरी मी दीड डॉलरला युद्धकाळातलं रेशनबुक घेतलं. आत काही कूपनं शिल्लक. सोबत एका डबीत लाल आणि निळ्या चकत्या, दाबलेल्या फायबरच्या, आपल्या जुन्या स्टीलच्या दहा पैशांएवढ्या. त्या १९४४ पासूनच्या. तोपर्यंत लाल कूपन मांस-लोण्याचं, निळं डबाबंद वस्तूंचं, आणि रेशनचे सुटे पॉइंट परत करायला काही नव्हतं, म्हणून या चकत्या काढल्या.

सावलीताईंचा कडेला बघायचा नाद पटला. मी जुन्या फोटोत मोटारीची पुढची काच बघते. त्यावर ए, बी, सी असं अक्षर चिकटवलेलं असेल तर फोटो १९४२ ते ४५ मधला. ए म्हणजे साधा माणूस, आठवड्याला चार गॅलन पेट्रोल, पुढे तीनच. सी डॉक्टर वगैरेंना. गंमत म्हणजे तुटवडा पेट्रोलचा तेवढा नव्हताच, रबराचा होता. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानने घेतले आणि रबर बंद झालं. टायर वाचवायचे तर गाड्या कमी फिरवा, म्हणून पेट्रोलला कात्री. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये खाजगी गाड्या बनवणंच थांबलं, त्यामुळे १९४४ च्या रस्त्यावरच्या फोटोतही सगळ्यात नवी गाडी ४२ ची.

खिडकीत छोटा झेंडा आणि निळा तारा असेल तर त्या घरातलं कोणी सैन्यात. सोनेरी तारा म्हणजे गेला. घराघरांतून ते होतं.

सगळ्यात येडपट नियम म्हणजे कापलेल्या पावावरची बंदी. जानेवारी १९४३ मध्ये कारखान्यात कापलेला पाव विकायला मनाई. बायका इतक्या संतापल्या की मार्चमध्ये बंदी मागे. मांसाला, साखरेला, कॉफीला माणसं रांगेत उभी राहिली, पण सकाळी घाईत पाव कापायला लावलात तर खबरदार!

---

जिरेमोहरी

आमची आजी गिरगावात होती तेव्हा. मुंबईत रेशनिंग मे १९४३ मध्ये सुरू झालं. ती सांगायची, तांदूळ मिळायचा पण त्याला असा वास यायचा की आधी दोन पाण्यांतून काढून उन्हात टाकायचा. अमेरिकेत कॉफी पाच आठवड्यांना एक पौंड म्हणून लोक कुरकुरत होते हे वाचून हसावं की काय कळेना. त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती. तिथे सुनील जाना कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रासाठी फोटो काढत फिरत होते. त्यांच्यामागे ना सरकार ना कोडाक्रोम.

---

टपालपेटी

सुनील जानांवर वेगळा धागा काढा ना, इथे विषय भरकटेल.

---

जिरेमोहरी

काढते. पण एका ओळीत आलं तर बिघडलं काय?

---

पंखा_चालू

'वुई कॅन डू इट' वाली बाई कोणालाच आठवली नाही? निळा शर्ट, पांढऱ्या ठिपक्यांचा लाल रुमाल, दंड फुगवलेला. रोझी द रिव्हेटर. त्या काळात घराघरात लावलेलं पोस्टर.

---

सावली

@पंखा_चालू, घराघरात नव्हतं हो. जे. हॉवर्ड मिलरने ते वेस्टिंगहाऊस कंपनीसाठी केलं, १९४३ च्या फेब्रुवारीत कारखान्यांच्या आत दोनेक आठवडे लागलं आणि उतरलं. ते जगप्रसिद्ध झालं ते चाळीस वर्षांनी.

त्यामागच्या फोटोची गोष्ट जास्त मजेदार आहे. लेथवर वाकलेल्या, रुमाल बांधलेल्या एका मुलीचा वृत्तसंस्थेचा फोटो आहे. त्यावरूनच पोस्टर सुचलं असावं असा समज. फोटोतली मुलगी म्हणून कित्येक वर्षं मिशिगनच्या जेराल्डिन डॉयल यांचं नाव छापून येत होतं, त्यांनाही मनापासून तसंच वाटत होतं. जेम्स किंबल नावाच्या प्राध्यापकाने मूळ प्रिंट शोधली. मागे चिकटवलेल्या कागदावर मार्च १९४२, अलामीडा नौदल तळ, आणि नाव नेओमी पार्कर! नेओमीबाई तेव्हा नव्वदीच्या पुढे, कॅलिफोर्नियात. आपला फोटो दुसऱ्याच्या नावाने लागलेला बघून त्यांनी आधी पत्रंही लिहिली होती, कोणी ऐकलं नव्हतं. २०१८ मध्ये गेल्या. पाठीमागचा कागद फाटला असता तर संपलंच होतं.

---

एअरोमॉडेल

विमानवाल्यांची हजेरी. आल्फ्रेड पामरचाच फेब्रुवारी १९४३ चा एक प्रसिद्ध फोटो आहे, टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलचा व्हल्टी कारखाना. एक बाई हाताच्या ड्रिलने विमानाला भोक पाडतेय, नजर ड्रिलच्या टोकावर खिळलेली. फोटोखाली विमानाचं नाव आहे, 'व्हेंजन्स' डाइव्ह बॉम्बर.

हे विमान अमेरिकेने स्वतः युद्धात जवळजवळ वापरलंच नाही. वापरलं कोणी? ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिशांनी आणि आपल्या हवाईदलाच्या ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रननी. म्हणजे त्या बाईने पाडलेल्या भोकातला रिव्हेट आपल्याच कोणा पोराच्या बुडाखाली आराकानच्या जंगलावरून उडाला असण्याची बरीच शक्यता. मी या विमानाचं १/७२ मॉडेल केलंय. रिव्हेटच्या ओळी कोरताना आता तो फोटो समोर ठेवतो.

---

खडूस

हे मात्र आवडलं.

आता मीही एक टाकतो, कारण तो प्रचारखात्याच्या बाहेरचा आहे. डोरोथिया लँग, मार्च १९४२, कॅलिफोर्नियातलं ओकलंड. कोपऱ्यावरचं किराणा दुकान, त्यावर भलामोठा पांढरा फलक : 'आय ॲम ॲन अमेरिकन'. दुकानदार जपानी वंशाचा, कॅलिफोर्निया विद्यापीठाचा पदवीधर. पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी त्याने तो फलक लावला. सगळे त्या फलकाकडे बघतात. सावलीताईंच्या पद्धतीने वर बघा, तिथे आणखी एक पाटी आहे : 'सोल्ड'. दुकान आधीच विकलं गेलंय.

१९ फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या आदेशाने पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली, त्यातली दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. हे फोटो काढायला लँगला सरकारनेच नेमलं होतं, आणि तिने काय काढलंय ते बघितल्यावर लष्कराने ते युद्ध संपेपर्यंत दाबून ठेवले. मान्झनारच्या छावणीत टोयो मियाताके नावाच्या फोटोग्राफरने लपवून एक भिंग नेलं आणि लाकडाची पेटी करून कॅमेरा बनवला. आतल्या माणसाने आतून काढलेले फोटो ते.

---

सावली

@खडूस, 'सोल्ड'ची पाटी मी इतक्यांदा तो फोटो बघूनही पाहिली नव्हती. आत्ता परत उघडून बघितली. माझाच नाद मला शिकवलात.

फोटोग्राफर एस्थर बबलीचा एक जोडते. सप्टेंबर १९४३, ती बसने हिंडत होती, वय बावीस. पेट्रोल आणि टायर नसल्यामुळे अख्खा देश तेव्हा बसमध्ये कोंबलेला, सैनिक, बायका, कडेवर मूल, पायाशी बोचकी. अगदी आपला एसटी स्टँड. जॉर्जियातल्या रोम गावच्या स्टँडवर तिने एक पाटी टिपली : 'कलर्ड वेटिंग रूम'. सगळे एकाच बसमधून एकाच युद्धाला निघालेले, पण बाकडं वेगळं.

---

पंखा_चालू

व्हॉट्सॲपवर आलेला एक रंगीत फोटो खाली टाकलाय. "१९४३, न्यूयॉर्क, युद्धावर जाणाऱ्या नवऱ्याचा निरोप". डोळ्यात पाणी आलं.

---

गार्डनस्टेट

डोळे पुसा आणि सैनिकाचा डावा हात मोजा. सहा बोटं आहेत.

---

सावली

अशा वेळी नंबर मागायचा. लायब्ररीच्या प्रत्येक फोटोला नंबर असतो. युद्धमाहिती खात्याच्या मोठ्या रंगीत पारदर्शिकांचा 'एलसी-यूएसडब्ल्यू३६' ने सुरू होतो, शेतीखात्याच्या छोट्या रंगीत स्लाइडचा 'एलसी-यूएसएफ३५' ने. साधा 'यूएसडब्ल्यू३' असेल तर मूळ फोटो कृष्णधवल, म्हणजे रंग कोणीतरी नंतर भरलेत. नंबर नसेल तर तुमची करमणूक म्हणून बघा.

---

जिरेमोहरी

कोडाक्रोम आता मिळत नाही ना?

---

एअरोमॉडेल

२००९ मध्ये उत्पादन बंद. धुऊन देणारी शेवटची लॅब कॅन्ससमधल्या पार्सन्स गावात होती, तिने २०१० च्या डिसेंबरअखेर फिल्म घेणं थांबवलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोळ फोटोग्राफर स्टीव्ह मकरीला दिला होता. छत्तीस फोटो, आणि त्यातले काही त्याने मुंबईत आणि राजस्थानात काढले.

---

सावली

आज प्रिंट मिळाली. काजळी जशीच्या तशी, मुलाने शब्द पाळला. दात मात्र जरा जास्तच पांढरे वाटतायत. विचारायची हिंमत झाली नाही.

---

भुसावळकर

ताई, एक प्रत मलाही काढा, पैसे पाठवतो. बारा बाय अठरा, आणि मॅट कागदावर. ग्लॉसी नको, त्यावर काजळी चमकते, खरी काजळी चमकत नाही. दातांचं राहू द्या. तोंड काळं असलं की दात तसेच दिसतात, वडिलांचेही दिसायचे.